आगाऊ दहा रुपये

शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्झाबाद, हे अब्बा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. ओंकारेश्वराच्या वाटेवर त्यांचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. पेठेतले निम्मे देव आमच्या हातांखालून गेले. शाळेतून आलो की आम्ही भावंडं काचा पुसायचो, चुका ठोकायचो. घरात मात्र एकही तसबीर नव्हती.

एक वयस्क बाई येशूचं चित्र टाकून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. खडकावर हात जोडून गुडघे टेकलेला येशू, चेहरा वर, त्यावर उजेड. शिष्य मागे अंधारात झोपलेले. गेथशेमाने बागेतली ही रात्र जर्मन चित्रकार हाइनरिश होफमान यांनी 1886 साली रंगवली, हे आम्हाला फार पुढे कळलं. 1824 साली डार्मश्टाटला जन्मलेला हा माणूस ड्रेस्डेनच्या कला अकादमीत प्राध्यापक होता. मूळ चित्र धाकट्या रॉकफेलरांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चला दिलं. छापील प्रती जगभर गेल्या. पुण्याला त्याचं नवल नको. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती छापणारा मळवलीचा छापखाना तरी शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मनाच्याच हाती गेला होता!

अब्बांची पंचाईत झाली. ‘‘पैगंबर हैं. फेकने का नै, लगाने का बी नै.’’ अम्मीने जुन्या ओढणीत गुंडाळून ते कपाटावर ठेवलं. अब्बा अधूनमधून काढून धूळ पुसत.

‘‘अब्बा, ही सुळावर जाण्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट आहे,’’ आम्ही कुठंतरी वाचलेलं ऐकवलं.

‘‘सुळावर गेलेच नाहीत ते. अल्लाहने उचलून घेतलं.’’ मग काच पुसता पुसता म्हणाले, ‘‘पण रात्र काढावी लागली असेल.’’

पुढे वाडा पाडायचा ठरला. दुकान रिकामं करायला आठवडा मिळाला. दुसरी जागा बघायला गेलो, की नाव विचारल्यावर ती आधीच दिलेली असे. शेवटच्या रात्री अब्बा इशाची नमाज पढून दुकानातच दुआ मागत बसले. हात पसरलेले, मान वर. आम्ही मोकळ्या खोक्यांना टेकून बसलो होतो. कधी डोळा लागला, कळलं नाही. जाग आली तेव्हा ते तसेच बसलेले होते.

अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. हातोडी थोरल्याकडे आहे, काचेचा हिरा धाकट्याकडे. चित्र कोणी मागितलं नाही आणि कोणी टाकलंही नाही. आजही ते ओढणीतच आहे. मागे पुठ्ठ्याला अब्बांच्या अक्षरातली पावती चिकटवलेली आहे : आगाऊ दहा रुपये जमा.