बस्ता

पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला अमरावतीस जायचे ठरले, आणि एवढी पातळे मावतील अशी पिशवी धुंडाळताना माळ्यावरून माझी पाठपिशवी खाली आली. तळ उंदरांनी कुरतडलेला, एक पट्टा उसवलेला, आणि बंद सोडताच आतून ओल्या दोराचा, डिझेलचा व साचल्या पाण्याचा असा दर्प उसळला की आर्वीतल्या माझ्या कोरड्याठाक माजघरात बँकॉकचा सॅन सॅप कालवा शिरल्याचा भास झाला.

बस्ता हा शब्द फारसी. बांधलेले ते बस्ता. कुणाला त्यात शालू-पैठण्या दिसतात, आमच्याकडे पोर शाळेत नेते तोही बस्ताच, आणि माझ्या वडिलांचा, म्हणजे तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या एका अर्जनवीसाचा, बस्ता म्हणजे लाल खारव्यात बांधलेले परक्यांच्या वहिवाटीचे, वाटणीचे, तगाईचे कागद. ते गाठोडे एका खाकी पिशवीत घालून ते अधूनमधून वर्ध्यास नेत, आणि एकदा मीही बरोबर होतो. शिरस्त्याप्रमाणे जागा धरण्यासाठी त्यांनी पिशवी डब्याच्या खिडकीतून आत टाकली, मला पाणी पाजायला नळावर नेले, आणि तेवढ्यात गाडी हलली. मी भोकाड पसरले. वडील म्हणाले, "जाऊ दे बाप्पा, पुलगावच्या पुढं कुठी जाते थे!"

खरेच कुठे जाणार होती? किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने 1917 साली घातलेली ही अडीच फुटी लोहवाट, आमच्या काळ्या मातीतला कापूस पुलगावच्या मोठ्या लाइनीपर्यंत व तिथून मुंबईमार्गे विलायतेस पोहोचविण्यापुरतीच होती. पस्तीसेक किलोमीटर धावून ती संपे. माणसे नेणे हा तिचा जोडधंदा. योगायोग असा की बँकॉकचे हुआ लाम्फोंग हे रेल्वेस्थानक याच्या आदल्याच वर्षी, 1916 मध्ये, सुरू झाले. पण या योगायोगाचे पुढे काय करावे हे मला आजवर उमगलेले नाही.

सेवानिवृत्तीनंतर एकट्याने, पाठीवर पिशवी घेऊन, मी त्या शहरी गेलो तो पहिलाच दिवस. चाकांच्या पेट्यांविषयी माझा जुना आकस आहे. ओझे पाठीला कळले पाहिजे, असा माझा दंभ. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, नगराच्या नावात 'महानखोन' म्हणजे आपले महानगर, हमरस्त्याला रामाचे नाव. तत्सम शब्दांच्या बळावर या मुलखात आपले सहज निभेल अशा समाधानात मी राचप्रारोपला गाडीतून उतरलो आणि प्रतूनामच्या धक्क्यावर आलो. तिसऱ्या रामाच्या कारकिर्दीत, 1837 ते 1840 या काळात, कंबोडियाच्या बाजूस सैन्य व रसद नेण्यासाठी खणलेल्या त्या कालव्यातून आता लांबुळक्या नावा कचेरीतील कारकुनांची वाहतूक करतात. नाव धक्क्याला नीट लागतच नाही. टायरांवर घासते, माणसे दोर धरून उड्या मारतात, आणि डोक्याला शिरस्त्राण घातलेली वाहक बाई नावेच्या काठाकाठाने चालत पैसे गोळा करते. पाणी उडू लागले की प्रवासी शेजारची दोरी ओढतात व ताडपत्री वर चढते.

ती दोरी ओढण्यासाठीच मी पिशवी पाठीवरून उतरवून ठेवली. बोबे हा कपड्यांचा घाऊक बाजार. तिथे लोंढा उतरला, त्याच्याबरोबर मीही उतरलो, आणि पाठ हलकी लागल्याचे ध्यानात येईस्तोवर नाव पुढे निघाली होती.

सगळी संस्कृतप्रचुर ऐट त्या धक्क्यावर गळाली. 'पिशवी' या अर्थाचा एकही शब्द मला येत नव्हता. पुढचा धक्का फान फा, आणि तो शेवटचा, एवढे नकाशावर दिसत होते. कालव्याच्या काठाने मी चालू लागलो, आणि वडिलांचे ते वाक्य म्हणावे म्हटले तर म्हणता येईना. त्याऐवजी त्या दिवसाचा उरलेला भाग डोळ्यांपुढे आला, जो मी इतकी वर्षे चुटकुला सांगताना गाळत आलो होतो. वडील दिवसभर स्टेशनाच्या बाकावर बसून होते. चहा सांगितला, तो निवला. त्या खारव्यात कुणा कास्तकाराचे कागद होते, त्याची वर्ध्याला त्याच दिवशी तारीख होती. संध्याकाळी गाडीबरोबर पिशवी परत आली, गार्डने ती हवाली केली, आणि वडिलांनी फलाटावर उकिडवे बसून एकेक कागद मोजला. मग पुन्हा मोजला. त्या तारखेचे पुढे काय झाले हे मी कधी विचारले नाही.

फान फाच्या धक्क्यावर, पलीकडे वाट साकेतचा सोनेरी कळस चमकत असताना, तिकीट विकणाऱ्या बाईच्या स्टुलाखाली माझी पिशवी ओल्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर ठेवलेली होती. हात जोडले, तिनेही जोडले. मी तिथेच उकिडवा बसलो आणि पासपोर्ट, औषधे, जवसाच्या चटणीचा डबा, एकेक बाहेर काढू लागलो. बाई वाकून पाहत होती. तिला वाटले असावे, काही हरवले. तीही बोट दाखवून मोजू लागली, नुंग, सोंग, साम, आणि माझे मोजून झाल्यावर, काही कमी नसताना, आम्ही दोघांनी ते पुन्हा पहिल्यापासून मोजले.