कळ की सणक?

सांगलीहून लेकाकडे मयूर विहारला आलेल्या आजींना मी नेहमीचा प्रश्न विचारला. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य, तर आत्ता किती दुखतंय?

"दहा कशाला गं पोरी, सोळा आणे दुखतंय."

"ठणकतंय का?"

"ठणकायला काय गळू झालंय? बसून राहिले की रग लागते, उठताना कळ येते, आणि रात्री इथनं पार अंगठ्यापर्यंत सणक जाते."

माझं निम्मं काम तिथंच झालं. रग म्हणजे आखडलेले स्नायू. अंगठ्यापर्यंत जाणारी सणक म्हणजे बहुधा कमरेतून निघणारी नस. आजींना एमआरआय ठाऊक नव्हता, पण नकाशा तोंडपाठ होता.

नोएडात फिजिओथेरपी करत मला एकोणीस वर्षं झाली. दिवसभर कानावर पडतं ते 'दर्द'. हिंदीत टीस आहे, जकडन आहे, पण दवाखान्यात येताना माणसं ते शब्द घरी ठेवून येतात आणि एक आकडा घेऊन येतात. मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांना हेच खटकलं असावं. दुखणं नुसतं किती नव्हे, कसं आहे हे कळावं म्हणून त्यांनी १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखण्याचे ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. आमच्याकडे ही यादी आजीच्या जिभेवर असते: ठणका, कळ, चमक, उसण, ठुसठुस, भगभग, मुंग्या, गोळा.

हे मी ऐटीत सांगतेय, पण स्वतःवर वापरायला मला फार उशीर झाला. एका पेशंटला उचलताना माझी कंबर गेली, त्याला आता आठ वर्षं झाली. दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की आम्ही त्याला जुनाट म्हणतो. माझं केव्हाच जुनाट झालं, आणि दुखण्यापेक्षा त्याच्यावरचे विचार भारी पडायला लागले. उद्या उभं राहता आलं नाही तर? प्रॅक्टिस बंद पडली तर? मन चिंती ते वैरी न चिंती. पहाटे तीनला हा भुंगा सुरू झाला की कंबर खरंच जास्त दुखते. घाबरलेल्या शरीराचे स्नायू आवळतात, झोप जाते, आणि मेंदू त्याच जागेवर पहारा देत बसतो.

अशा वेळी मनाला जागेवर आणण्याच्या युक्त्यांना 'ग्राउंडिंग' म्हणतात. मी पेशंटना 'टेकणं' म्हणते. पाय टेकणं, पाठ टेकणं. सगळ्यांत ठाऊक असलेली युक्ती म्हणजे पाच गोष्टी पाहा, चार स्पर्श ओळखा, तीन आवाज ऐका, दोन वास, एक चव. घरी जाऊन तपासायच्या पेशंटसाठी मी नोएडा सेक्टर १५ ला ब्लू लाइन पकडते. जागा मिळत नाही. यमुना बँक सुटलं की गाडी नदीवर येते, आणि मी मोजायला लागते. पुलाचा कठडा, काळं पाणी, समोरच्याच्या स्वेटरची उसवलेली वीण. तळहाताला थंडगार दांडा. कानात शम्मी नारंग. एकेकाळी दूरदर्शनवर बातम्या सांगणारा हा आवाज मेट्रोत पुढचं स्टेशन सांगतो, आणि तो ऐकताना पुढच्या दहा वर्षांचं काही सुचत नाही, इंद्रप्रस्थ तेवढं येतं. वासाचं मात्र नोव्हेंबरात विचारू नका. दोन कसले, सगळ्या दिल्लीला धुराचा एकच वास.

टेकणं मी आधी चुकीचं शिकवत होते. सरसकट सगळ्यांना सांगायची, डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या. सेक्टर ६२ मधल्या एका आयटीतल्या मुलाला त्यानं धापच लागली. मिटल्या डोळ्यांआड त्याच्यासोबत त्याची मान आणि त्याची भीती, दोघीच उरल्या होत्या. आता मी डोळे उघडे ठेवायला सांगते. आधी खोलीत फिरवते, मग शरीरात जी जागा दुखत नाही तिथं नेते: कानाची पाळी, टाच, जानेवारीत मोझेकच्या फरशीवर टेकलेला अनवाणी तळवा. दुखऱ्या जागेची पाळी शेवटी. आणि पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर हे काहीच नाही, तडक हॉस्पिटल.

दुखऱ्या जागेपाशी पोचलं की नियम एकच, फक्त वर्तमानकाळात बोलायचं. 'उजवीकडे सणक जातेय' चालेल. 'आता हे कायमचंच' चालणार नाही, ते दुखणं नव्हे, भविष्यकाळ आहे. नेमका शब्द शोधायला लावला की मन काही क्षण कामाला लागतं. रग की कळ हे ठरवताना घाबरायला उसंत मिळत नाही.

दुखणं असं नुसतं बघणं काही नवं नाही. पालीत वेदना म्हणजे नुसतं दुखणं नव्हे, कुठलीही जाणीव, सुखाचीसुद्धा. १९९४ च्या एप्रिलमध्ये विपश्यनेचे गुरू सत्यनारायण गोएंका तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैद्यांना घेऊन दहा दिवस ध्यानाला बसले, तेव्हा त्यांनी याच वेदना बघायला शिकवल्या. मी स्वतः दहा दिवस बसू शकत नाही. चाळिसाव्या मिनिटाला कंबर सांगते, ऊठ. मी उठते.

आजी मार्चमध्ये सांगलीला परत गेल्या. दुखणं गेलं नाही, सणक आता पोटरीपर्यंतच येते. परवा त्यांचा फोन आला. "आज वेगळंच आहे गं, ठुसठुसपण नाही आणि रगपण नाही. सकाळपासनं शब्द शोधतेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "बघते, आधी भेंडी चिरून घेते."