माणूस कोणत्या फोल्डरात?

फोटो तारखेनं लावावेत हा आमच्या धंद्यातला सर्वमान्य नियम, आणि तो चुकीचा नाही. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, पुढे गाव आणि प्रसंग असं नाव दिलं की कॉम्प्युटर आपोआप रांग लावतो. पण फोटो मागायला येणारा तारीख घेऊन येत नाही. लग्नाचे फोटो आता सगळ्यांच्याच फोनवर असतात; शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी जुना साठा उघडायची खरी वेळ येते ती कुणी गेल्यावर. दहाव्याच्या आत फ्रेम हवी, श्रद्धांजलीच्या बॅनरला चेहरा हवा, आणि तोही आजच्या आज. आजीचा चांगला फोटो असतोच, फक्त तो आजीच्या नावाखाली नसतो. कुठल्याशा भाच्याच्या हळदीत, तिसऱ्या रांगेत, कुणाशी तरी बोलताना हसलेली ती असते, आणि ती हळद कोणत्या साली झाली यावर घरात तीन मतं असतात. उजेड गावच्या गांधीबाबांच्या यात्रेचे फोटो घ्या. दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तीच जागा, तेच चेहरे. तिथे तारखेनं फक्त साल कळतं, माणूस नाही. २०२०-२१च्या करोनानंतर माझं मत पक्कं झालं: फोटो घेतल्या दिवसाप्रमाणे ठेवावेत खुशाल, पण त्यांना नाव द्यावं ते लागतील त्या दिवसाच्या हिशेबानं.

अडतं ते बायकांच्या नावापाशी. पुरुषाचं नाव बारशापासून तेराव्यापर्यंत एकच. बाईचं आडनाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि मागच्या पिढीत तर कैक जणींना ताटातल्या तांदळावर लिहिलेलं नवं नाव मिळालं. समजा, साकोळच्या माहेरी जी शांता, तीच येरोळच्या सासरी मंगल. भावाच्या अल्बमात ती शांताक्का, मुलाच्या फोनमध्ये आई, सुनेच्या फोनमध्ये आत्याबाई, आणि आमच्या फोल्डरात नुसतं 'लग्न, येरोळ'. कॉम्प्युटरच्या लेखी या वेगवेगळ्या बाया झाल्या, आणि शेवटची तर बाईही नव्हे. नात्याचं नाव फाईलला कधीच देऊ नये, कारण नातं पाहणाऱ्यागणिक फिरतं. 'मामा' असं लिहिलेल्या फोटोवर पुढची पिढी एकच प्रश्न विचारणार, कुणाचा मामा? 'सौ.' लिहून पुढे नवऱ्याचं नाव घालण्याची रीतही तितकीच कुचकामी. त्यानं नवरा सापडतो. म्हणून माझी पद्धत अशी: आधी माहेरचं नाव आणि माहेरचं गाव, मग सासरचं नाव आणि सासरचं गाव. माहेर आधी, कारण बाईच्या नावातला तेवढाच भाग पुढे बदलत नाही.

यावर तरुण मंडळींचा पहिला आक्षेप असा, की चेहरे ओळखायचं काम आता फोन करतो, नावं लिहीत कोण बसणार? फोन चेहरे जुळवतो हे खरं. मुंडावळ्यांआडची नवरी, कपाळापर्यंत पदर ओढलेली म्हातारी यांच्यापाशी तो अडखळतो, पण ते सोडून देऊ, तो दरवर्षी सुधारतो आहे. मात्र हे दोन चेहरे एकाच बाईचे एवढंच त्याला कळतं. ती कोण, हे आपणच सांगायचं, आणि सांगितलेलं तो आपल्या वहीत टिपतो, फोटोत नाही. गूगलच्या पिकासा या फोटोंच्या सॉफ्टवेअरचं काय झालं ते आठवावं. लोकांनी हौसेनं चेहऱ्यांना नावं दिली. मार्च २०१६मध्ये गूगलनं पिकासाची साथ सोडली. फोटो जागेवर राहिले. नावं मात्र पिकासाच्या स्वतःच्या फायलींत होती, ज्यांनी ती वेगळी उतरवून घेतली नाहीत त्यांची कॉम्प्युटर बदलताच गेली. त्याआधीच गूगल फोटोजवर फुकटचा अमर्याद साठा आला होता, तोही १ जून २०२१ला संपला. आता तर दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल पुसू शकतं. खातं गेलेल्या माणसाचं, पासवर्ड त्याच्याबरोबर, आणि मोबाइल नंबर रिचार्जअभावी बंद. ज्याच्या फोटोची गरज, नेमकं त्याचंच कुलूप.

निजामाच्या राज्यात, म्हणजे आमच्याही मुलखात, ज्यांचं नाव मोठं होतं त्या राजा दीनदयाळांच्या कित्येक छायाचित्रांवर क्रमांक आणि मथळा निगेटिव्हवरच लिहिलेला दिसतो. कागद कुठेही गेला तरी नाव सोबत जातं. आजच्या फाईलमध्येही मथळ्याची जागा असते, आणि तिथे देवनागरी चालते. अट एकच, युनिकोडमध्ये लिहावं. आमच्या धंद्यानं अल्बमसाठी वर्षानुवर्षं श्रीलिपी आणि शिवाजीसारखे जुने फॉन्ट वापरले. फोटोशॉपमध्ये नाव सुरेख दिसायचं, पण तेच फाईलला दिलं की इंग्रजी अक्षरांचा काला, शोधून काय सापडणार? ऱ्हस्व-दीर्घाचं दुखणं आहेच. एकदा 'सुमन' लिहिलं की जन्मभर सुमनच लिहायचं, मधेच 'सूमन' नको.

व्हॉट्सॲपवर फोटो आला की तो जपला असं समजणं ही सगळ्यात मोठी फसगत. फोटो म्हणून पाठवला तर आकार घटतो आणि आतली तारीख-माहिती गळते. फाईलच्या नावात दिसते ती फोटो काढल्याची तारीख असेलच असं नाही. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. बाकी तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला नियम सगळ्यांना पाठ असतो आणि 'घराबाहेर' हा शब्द सगळे गाळतात. आमच्या जिल्ह्यानं तरी गाळू नये. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपानं दगडमातीची घरं बसली, तेव्हा पेट्यांतले अल्बम घरांखालीच गेले. लेकीच्या सासरी एखादी प्रत पोचली असेल तरच चेहरा उरणार. दुसरी हार्डडिस्क आजही लेकीच्या सासरीच ठेवावी.

हजारो फोटोंना नावं द्यायला वेळ कुणाला, हा आक्षेप रास्त आहे. सगळ्यांना द्यायचीच नाहीत. एका लग्नातले वीस-पंचवीस चेहरे निवडावेत, म्हाताऱ्यांपासून सुरुवात करावी, बाकीचे तारखेच्या हवाली. हे हल्लीच्या सिनेमॅटिकवाल्यांना सांगून उपयोग नाही. ते ड्रोन उडवतात, पेनड्राइव्ह देतात, त्यात 'डीएससी'नं सुरू होणारे नुसते आकडे, आणि बिल मिटलं की कार्ड साफ. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की पुन्हा १पासून सुरू होतो, म्हणजे दोन लग्नांतल्या दोन वेगळ्या फायली एकाच नावाच्या, आणि एकाच फोल्डरात टाकल्या तर एक दुसरीला गिळू शकते. त्यांची कला मी नाकारत नाही, माझ्यापेक्षा उजेड त्यांना चांगला कळतो. माझा आग्रह तरी कुठे निखळ आहे? प्रत्येक फ्रेम ठेवावीशी वाटते कारण ती माझी, आणि तालुक्यातला कुठलाही चेहरा याच्याकडे सापडतो असं लोकांनी म्हणावं, ही घमेंड त्या नावं लिहिण्यामागे नक्की आहे.

एक आक्षेप मात्र मला पुरता परतवता येत नाही. पन्नास वर्षं मंगल म्हणून जगलेल्या बाईला शांताच्या रांगेत का बसवायचं? नातवंडांना शांता ठाऊकच नाही. ते मंगल शोधणार. शोधायला दोन्ही नावं फाईलमध्ये असतात, त्यामुळे सापडण्यात अडचण नाही, पण मथळ्यात पहिलं नाव कोणतं हा प्रश्न शोधण्यापुरता नाही, मानाचाही आहे, आणि सासरची माणसं त्यावर नाराज होतात. नवं नाव मनापासून आपलंसं केलेल्याही असतात, नाइलाजानं ऐकून घेतलेल्याही. म्हणून तिलाच विचारावं. विचारलं की बहुतेक जणी 'लिव्हा की काई बी' म्हणून मोकळ्या होतात. मग मी माहेरचं आधी लिहितो.