चोवीस सेकंदांची लढाई

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपमधला जादूगार ऐन लढाईत झोपला. म्हणजे खराखुरा झोपला. सोफ्यावर, तोंड उघडं टाकून. आठ गॉब्लिन्सनी त्याला घेरलेलं, आणि हा आपला घोरतोय!

तर प्रकरण असं. आम्ही पाच जण कॉलेजपासूनचे मित्र. दोघं आता पुण्यात, तिघं नाशकात. महिन्यातून एक शनिवार गंगापूर रोडला माझ्या घरी जमतो आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट सांगतो (हे काम माझ्याकडे), बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. वार लागला की हुकला, ते फासे ठरवतात.

आमची गोष्ट रामशेज किल्ल्यावर घडते. मुघलांनी १६८२ साली त्याला वेढा घातला आणि मूठभर मावळ्यांनी तो काही वर्षं झुंजवत ठेवला. आमची पंचाईत अशी की आमची प्रत्येक लढाईसुद्धा तेवढीच लांबायची! या खेळात लढाईचा एक राउंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. त्या दिवशी आमचे चार राउंड झाले. म्हणजे चोवीस सेकंद. घड्याळात गेले एक तास पन्नास मिनिटं.

मी इंजिनिअर माणूस, लगेच उपाय काढला. प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात ना? मग आपल्याकडेही ३० सेकंद. वाळूचं घड्याळ आणलं. वाळू संपली की पाळी गेली.

पहिला बळी आमची वैद्य. (दिवसा ती बँकेत असते, आणि मुळात कमी बोलणारी.) तिची पाळी आली, ती मंत्रांची यादी चाळायला लागली, बाकीचे "चल चल चल" करून ओरडायला लागले, आणि वाळू संपली. त्याच राउंडला जादूगार मेला. कोणी तिला काही बोललं नाही, पण नंतर ती गप्पच होती. रात्री खाली पार्किंगमध्ये म्हणाली, "तुम्ही खेळा रे. मी नुसती गप्पा मारायला येत जाईन."

आता इतक्या वर्षांच्या मैत्रीत 'नुसती येत जाईन'चा अर्थ काय होतो, ते आपल्याला कळतं. दोन महिन्यांनी येणंही बंद.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. ऑप्टिमाइझ करण्याआधी मोजायचं, हे ऑफिसात ज्युनिअर्सना मीच सांगतो! सगळ्यांना विचारून पुढच्या लढाईचं फोनवर रेकॉर्डिंग केलं आणि रविवारी वही घेऊन ऐकत बसलो. विचार करण्यात फार वेळ जातच नव्हता. वेळ जात होता "कोणाची पाळी?", "मघाशी काय झालं?", "तो फासा कुठे गेला?" यात. आणि सगळ्यात जास्त वेळ कोण खात होतं? मी! आठ गॉब्लिन्ससाठी आठ वेळा फासे, आठ वेळा बेरीज. तोवर बाकीचे फोनमध्ये. कबड्डीतला चढाईपटू आधीपासून सगळा खेळ बघत असतो, म्हणून त्याला ३० सेकंद पुरतात. बारा मिनिटं फोनमध्ये असलेल्या माणसाला ते कसे पुरणार?

मग वाळूचं घड्याळ माळ्यावर टाकलं आणि बदललं ते हे:

एक, पाळी सांगताना पुढचीही सांगायची. "आता तू, नंतर वैद्य." आणि पाळी सुरू होताना एका वाक्यात परिस्थिती: "दरवाजा पेटलाय, तुझ्यासमोर दोघं आहेत."

दोन, वाराचा फासा आणि इजेचा फासा एकदमच टाकायचा.

तीन, माझे सगळे गॉब्लिन्स एकाच पाळीत. त्यांच्या वाराला फासा न टाकता सरासरी इजा धरायची. २०१४ च्या पुस्तकात गॉब्लिनच्या तलवारीपुढे ५ हा आकडा छापलेलाच आहे, मीच वापरत नव्हतो.

चार, शेवटचा गॉब्लिन मरेपर्यंत लढायचं नाही. १९८१ च्या बेसिक नियमांत राक्षसांना धैर्याचा आकडा असायचा. दोन फासे टाका, बेरीज त्याहून जास्त आली की ते पळ काढतात. निम्मे पडले की मी ते फासे टाकतो.

पाच, नियमावरून वाद झाला की निकाल मी जागेवर देतो, पुस्तक चहाच्या वेळी उघडायचं. ही युक्तीही जुनीच. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर युद्धाचा खेळ खेळायचे. नियमांचं जंजाळ इतकं झालं की १८७६ साली फॉन व्हर्डी नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलं, तक्ते बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला ठरवू द्या.

वैद्यबाईंना मी फोन करून सॉरी म्हटलं, आणि चूक माझी होती हेही सांगितलं. "बघू," म्हणाली. पण आली. तेवढ्याच गॉब्लिन्सची लढाई या वेळी चाळीस मिनिटांत संपली. तिसऱ्या राउंडला मी म्हटलं, "आता जादूगार, नंतर तू." तिची पाळी आली तेव्हा यादी बंदच होती. "मी कोणाला बरं करत नाही. मी धावत जाऊन दरवाजा लावते," म्हणाली. अर्धे गॉब्लिन्स बाहेर अडकले. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सगळे टाळ्या पिटत उभे राहिले, शेजारच्या काकूंनी बेल वाजवली.

जादूगार मात्र परवा पुन्हा झोपला. पण ते दुपारच्या मिसळीमुळे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.