मशीद बंदर ते मुंब्रा

मध्य रेल्वेवर सीएसएमटी सोडल्यावर पहिलेच स्टेशन लागते मशीद. गावाकडचे पाहुणे पहिल्यांदा इथे उतरले की हमखास विचारतात, "ही कुठली मशीद?" उत्तर ऐकून ते चकित होतात. ही मशीद मुसलमानांची नव्हे, यहुद्यांची! कोकणातून मुंबईत आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाने १७९६ मध्ये इथे आपले प्रार्थनास्थळ बांधले. सॅम्युअल स्ट्रीटवर ते आजही आहे. आपल्या प्रार्थनाघराला ही मंडळी मशीदच म्हणत. लोकांच्या तोंडी तेच नाव बसले आणि पुढे स्टेशनलाही तेच मिळाले. ज्या किनाऱ्यावरून ते आले, त्याच किनाऱ्यावरून आमचे आजे-पणजेही आले. आल्यावर पहिला आसरा शोधला तोही याच बंदराच्या आसपास.

आता आम्ही राहतो मुंब्र्यात. पण घरातल्या तिघांना आजही मशीद, डोंगरी, भायखळा या पट्ट्यातच रोज जावे लागते. मुंब्र्याहून सुटलेल्या स्लो लोकलचे मशीद हे १९ वे स्टेशन. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर, वेळ सव्वा तासाच्या आसपास. कसर नमाजेची सवलत मिळावी इतका काही हा प्रवास लांब नाही. पण रोज जाऊन-येऊन अडीच तास उभ्याने काढणाऱ्या माणसाला विचारा, तो याला सफरच म्हणेल. आमची माणसे या दोन टोकांत कशी वाटली गेली आणि मधल्या गर्दीत कशी जगतात, हे मुंबईबाहेरच्या वाचकांना ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

मशीद स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत गेले की शेख मेमन स्ट्रीटवर जामा मशीद येते. १८०२ मध्ये ती पूर्ण झाली. तिच्या उभारणीत कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. खाली जुना तलाव, त्यावर कमानी आणि कमानींवर मशीद अशी तिची रचना आहे. वुजू करायला पाण्याकाठी बसले की बाहेरच्या हातगाड्यांचा खडखडाट आणि हमालांच्या आरोळ्या मागे पडतात. जुम्याच्या दिवशी आजूबाजूच्या दुकानांतले मालक, कारकून, हमाल सगळे एका सफेत उभे राहतात. जागा कमी पडली की कुणी कुणाला दटावत नाही. खांद्याला खांदा लावून जो तो थोडा सरकतो आणि मागून आलेला सामावला जातो.

तिथून उत्तरेला मोहम्मद अली रोड. खाली बस, टॅक्सी, हातगाड्या आणि पायी चालणाऱ्यांची रेटारेटी. वर २००२ पासून वाहनांसाठी बांधलेला लांब उड्डाणपूल. लोक त्याला जे. जे. पूल म्हणतात, पण त्याचे नाव आहे कुतुबे कोकण मखदूम अली माहिमी पूल. माहीमचे हे विद्वान सूफी बुजुर्ग १३७२ ते १४३१ या काळात होऊन गेले. त्यांनी कुरआनावर अरबीत तफसीर लिहिली. पुलावरून जाताना दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या खिडक्या इतक्या जवळ येतात की कुणाच्या घरात कपडे वाळत घातलेत, कुणाच्या घरात मुले अभ्यासाला बसलीत, सारे दिसते. मोटारीतल्यांची काही मिनिटे वाचली. खिडकीआडच्या माणसांच्या वाट्याला मात्र धूर आणि भोंगे आले.

याच गल्लीबोळांत आमच्या वडीलधाऱ्यांच्या 'जमातीच्या खोल्या' होत्या. नव्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागतो. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतल्या गावांची माणसे मुंबईला निघत ती बोटीने, भाऊच्या धक्क्यावर उतरत. कुणी जहाजावर खलाशी, कुणी गोदीत, कुणी बेकरीत. प्रत्येकाला घर घेणे शक्य नव्हते. म्हणून गावची जमात वर्गणी काढून डोंगरीच्या बाजूला एक खोली घेई. त्या खोलीत प्रत्येकाच्या वाट्याला एक पेटी आणि पेटीपुरती जागा. रात्री पथाऱ्या ओळीने पडत. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा येऊन तिथेच आडवा होई. जहाजाचा नंबर लागेपर्यंत महिना-दोन महिने बसून राहिलेल्याला कुणी 'ऊठ' म्हणत नसे. आजारी पडलेल्याची जागा भिंतीकडेला, वाऱ्याच्या बाजूला. दिवा कधी मालवायचा, पाणी कुणी भरायचे, वर्गणी थकली तर किती दिवस थांबायचे, याचे नियम ठरलेले असत.

त्या खोल्यांचे गुणगान ऐकताना एक गोष्ट विसरली जाते. तिथे बायकांना जागा नव्हती. त्या गावी राहिल्या. मनीऑर्डरची आणि पत्राची वाट पाहत त्यांनी मुले वाढवली, शेती सांभाळली, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली. आमच्या दादी सांगतात, लग्नानंतरच्या पहिल्या बारा वर्षांत नवऱ्याबरोबरचे दिवस मोजले तर दोन वर्षेही भरणार नाहीत. मुंबईत जागा कमी होती हे खरे. पण त्या कमतरतेची खरी किंमत मोजली ती मुंबई कधी न पाहिलेल्या बायकांनी.

पुढे काहींनी पागडीवर खोल्या घेतल्या आणि कुटुंबे आली. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे, पोटमाळ्यावर मुले, मजल्याला मिळून दोन संडास. मुलांची लग्ने झाली तशी खोली पुरेना आणि इमारतीही थकल्या. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, २०१९ च्या जुलैमध्ये डोंगरीतली केसरबाई. दोन्ही वेळा ढिगाऱ्याखालून जनाजे निघाले. 'धोकादायक' अशी पाटी लागलेल्या घरात माणसे का राहतात, असे लोक विचारतात. बाहेर पडले तर कामापासून किती लांब फेकले जाऊ, हा हिशेब त्यांना पाठ असतो, म्हणून राहतात.

तरीही बाहेर पडावे लागलेच. १९९२-९३ च्या दंगलीनंतर ठिकठिकाणच्या मिश्र वस्त्यांतली मुसलमान कुटुंबे मुंब्र्याकडे आली. नंतर भाड्याच्या आणि किमतीच्या रेट्याने आणखी आली. आम्ही शहरात घर शोधत होतो तेव्हा दोन ठिकाणी बोलणी पक्की होत आली होती. नाव सांगितल्यावर एका ठिकाणी घर 'आधीच गेले' आणि दुसऱ्या ठिकाणी 'सोसायटीला विचारून कळवतो' हे उत्तर मिळाले. ते कळवणे आजवर आलेले नाही. मुंब्र्यात कुणी नाव विचारले नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतंत्र संडास आणि खिडकीतून दिसणारा डोंगर मिळाला. दादी पहिल्या दिवशी ऐसपैस पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "अल्हमदुलिल्लाह, आता पाय दुमडून झोपायला नको."

घरात मिळालेली ही ऐसपैस जागा आम्ही गाडीत फेडतो. मुंब्रा एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी यांच्यामध्ये चिंचोळे वसले आहे. जुना लोहमार्ग डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जातो. १९१६ मध्ये डोंगराच्या पोटातून पारसिक बोगदा झाला आणि पुढे वर्षानुवर्षे फास्ट गाड्या आम्हाला वगळून त्यातूनच जात राहिल्या. आता नव्या मार्गिका झाल्यावर फास्ट लोकल आमच्या डोळ्यांसमोरून धडधडत जातात. पण बहुतेक थांबत नाहीत. स्लो गाडी कल्याण-डोंबिवलीकडून येते ती दिव्यालाच भरलेली असते. मुंब्र्याला दारात पाय ठेवायला जागा मिळाली तरी नशीब. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसे रुळांवर पडली आणि काहींचे प्राण गेले. त्या दिवशी मोहल्ल्यात प्रत्येक घरातून फोन लागत होते आणि लाइन मिळत नव्हती. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे. दारात लटकावे लागणार असेल तर ती गाडी सोडायची, मग अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला तरी चालेल.

नव्याने आलेल्यांना चार गोष्टी सांगतो. ठाण्याला उतरून फास्ट पकडली तर भायखळ्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटे वाचतात. पण पूल चढून दुसऱ्या फलाटावर धावावे लागते. वयस्कर माणसांनी त्या फंदात पडू नये. ठाण्याहूनच सुटणारी लोकल मिळाली तर बसायची आशा असते. काहीजण उलटे डोंबिवलीला जाऊन तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात. त्यांनी पास तिथपर्यंतचा काढावा. आणि पिशवी पाठीवर नको, पोटाशी धरावी. चोरासाठीच नव्हे, मागच्याला श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणूनही.

आमची थोरली मुलगी बारावीनंतर भायखळ्याच्या एका कॉलेजात लागली तेव्हा घरात पहिल्यांदा या गर्दीवरून वाद झाला. दादींचा सरळ सवाल होता, "ज्या गाडीतून बाप्ये पडतात त्या गाडीत पोरीला चढवायचे?" कुणी सुचवले, इथेच जवळ जो मिळेल तो कोर्स घ्यावा. कुणी म्हणाले, बाहेरून परीक्षा द्यावी. मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त गुणपत्रिका टेबलावर ठेवली.

अखेर तोड निघाली ती आमच्याच इमारतीत. तिसऱ्या मजल्यावरच्या खाला आणि दोन नर्सबाई पहाटेच्या एकाच गाडीने, बायकांच्या एकाच डब्याने वर्षानुवर्षे जात होत्या. मुलीला त्यांनी आपल्यात घेतले. गाडी साडेसहाच्या आतली. उशिरा नको, कारण त्यानंतर गर्दी वाढते. पहिल्या आठवड्यात आम्ही पाळीपाळीने स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. मग तिनेच सांगितले, आता नको.

त्या डब्याची हकीकत ती संध्याकाळी रंगवून सांगते. तिघींच्या बाकावर चौथी टेकते, तिला 'चौथी सीट' म्हणतात. चढल्या चढल्या विचारायचे, "घाटकोपर कोण? दादर कोण?" जी उतरणार तिची जागा आधीच बोलून ठेवायची. कुणी मटार सोलते, कुणी तसबीह फिरवते, कुणी राहिलेली झोप काढते. दसऱ्याला डब्यात तोरण लागते. रमजानात परतीच्या गाडीत मगरिब होते तेव्हा खजुराची डबी हातोहात फिरते. दिव्याला राहणाऱ्या एक मावशी तेव्हा आपली जागा रोजा असलेलीला देतात आणि स्वतः उभ्या राहतात. भांडणेही होतात, केस ओढण्यापर्यंत जातात. पण चक्कर आलेली बाई त्या डब्यात उभी राहिल्याचे मुलीने अजून पाहिलेले नाही. कुरआनात सूरह मुजादलामध्ये मजलिशीत दुसऱ्यासाठी जागा करून देण्याची ताकीद आहे. ती आम्ही मदरशात शिकलो. मुलगी ती रोज गाडीत पाहते.

म्हणून सगळे छान चालले आहे असे नव्हे. पहाटे निघणारा बाप रात्री परततो तेव्हा लहान मूल झोपलेले असते. रिश्ता पाहताना आता घराण्याआधी विचारतात, "लाइन कुठली?" मीरा रोडला राहणाऱ्या नातलगाकडे मय्यत झाली तर मुंब्र्याहून दादरला गाडी बदलून किंवा घोडबंदरच्या रस्त्याने पोहोचेपर्यंत दफन उरकलेले असते. फास्ट गाड्यांना थांबा, आपोआप बंद होणारी दारे, जास्त फेऱ्या या मागण्या आम्ही करत राहू आणि केल्याच पाहिजेत. त्यात दिवा, कळवा, मुंब्रा असा भेद असता कामा नये, कारण गाडी सगळ्यांची एकच आहे.

पण काही गोष्टींसाठी रेल्वेची वाट पाहण्याची गरज नाही. परळच्या कॅन्सर रुग्णालयात गावाकडून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना आजही फुटपाथवर रात्र काढावी लागते. परीक्षेच्या दिवसांत मुंब्र्याची मुले पहाटे चारला उठतात. शहरात ज्या जमातींच्या जुन्या खोल्या अजून शिल्लक आहेत, त्यांतल्या काहींना कुलूप आहे आणि काहींत जुन्या पेट्या पडून आहेत. त्या पुन्हा उघडाव्यात. एक खोली रुग्णांच्या सोबत्यांसाठी, एक परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी. आणि या वेळी एक मुलींसाठीही. त्यांच्या आज्यांना त्या खोल्यांत कधीच जागा मिळाली नव्हती.