मणक्यात गॅप

उसण भरली की आमच्या गावी पायाळू माणसाला बोलावणं जायचं. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने कंबरेला पाय लावला की उसण उतरते, असा समज. वडिलांवर हा प्रयोग झालेला मी पाहिला आहे. त्यांना बरं वाटलं. पायाने वाटलं की दोन दिवस सक्तीने पडून राहिल्याने, हे कुणी विचारलं नाही.

माझी स्वतःची उसण मात्र भरली अमेरिकेत. पुण्याच्या कंपनीने ट्रॅक्टरच्या कामासाठी मला इलिनॉयमधल्या मोलीनला पाठवलं होतं. मिसिसिपीच्या पलीकडच्या काठाला आयोवा राज्य आणि डेव्हनपोर्ट शहर. जानेवारीत दारातला बर्फ फावड्याने उपसताना कंबरेत लचक भरली आणि मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. ऑफिसातल्यांनी एकमुखाने सुचवलं, कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके हलवून उपचार करणाऱ्याकडे, जा. इथे नाही जायचं तर कुठे जायचं? ही विद्या जन्मली तीच डेव्हनपोर्टमध्ये.

ती गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ आहे. डी. डी. पामर हा चुंबकीय उपचार करणारा गृहस्थ. सप्टेंबर 1895 मध्ये त्याने हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबला आणि लिलार्डला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असं सांगतात. ऐकण्याची नस कवटीच्या आतच असते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध नाही, ही अडचण गोष्ट सांगणारे सोडून देतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेनला क्ष-किरण सापडले. पामरच्या मुलाने, बी. जे. पामरने, 1910 मध्ये एक्स-रे आपल्या कॉलेजात आणला, तेव्हापासून एक्स-रे आणि कायरोप्रॅक्टिक यांचं लग्न लागलं ते लागलंच. त्यात सरकारनेही हात दिला. ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्यात 1972 च्या कायद्याने हा उपचार आला, पण मणका हलल्याचं एक्स-रेवर दाखवायची अट घालून. ही अट 2000 साली गेली. सवय सगळीकडून गेलेली नाही.

मी गेलो त्या कायरोप्रॅक्टरने मला उभं करून समोरून आणि बाजूने एक्स-रे काढले. पडद्यावर माझा कणा, त्यावर लाल रेघा. एकेक शब्द ऐकवला गेला : सब्लक्सेशन, लॉस ऑफ लॉर्डोसिस, डिजनरेशन फेज टू. पाठोपाठ वर्षभराच्या उपचारांचं पॅकेज, आगाऊ पैसे भरले तर सवलत, आणि मध्ये पुन्हा एक्स-रे. उपचार म्हणाल तर वाईट नव्हता. टेबलावर कुशीवर झोपवून त्याने खांदा एकीकडे, कंबर दुसरीकडे वळवली आणि झटका दिला. कट्! उठलो तेव्हा थोडं सरळ उभं राहता येत होतं. पॅकेज मात्र घेतलं नाही. चित्रांची सीडी मागून घेतली आणि मामेबहिणीला फोन लावला. ती रेडिओलॉजिस्ट आहे, नाशिकला.

“दादा, तो आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा नव्हे हं,” ती म्हणाली. सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटं मोडताना एमआरआय काढून हे दाखवलं. सब्लक्सेशनचंही तिने सांगितलं. डॉक्टरांच्या भाषेत सांधा अर्धवट निखळणं म्हणजे सब्लक्सेशन. ते एक्स-रेवर दिसतं आणि माणूस हसत चालत येत नाही. कायरोप्रॅक्टर तोच शब्द मणक्याच्या हालचालीतल्या बिघाडासाठी वापरतात. तो बिघाड फोटोत दिसायलाच हवा असं नाही. लॉर्डोसिस म्हणजे कंबरेचा नैसर्गिक आतला बाक. स्नायू आखडले की तो सपाट होतो, उभं राहण्याच्या पद्धतीनेही बदलतो. “उसण भरलेल्या माणसाचा बाक गेला नसता तर मला आश्चर्य वाटलं असतं.”

पुढे पुण्याला परतल्यावर दुखणं पायात उतरलं, पोटरीपर्यंत. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. एक्स-रेत हाडं दिसतात, मधली गादी दिसत नाही. दिसते ती फक्त तिने अडवलेली जागा. आपल्याकडे “मणक्यात गॅप आहे” म्हणतात, पण फोटोत बहुधा उलटंच असतं : अंतर कमी झालेलं. एमआरआयमध्ये गादी, नसा सगळं दिसतं आणि किरणोत्सर्ग नसतो. कंबरेच्या एक्स-रेत तो छातीच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे वारंवार एक्स-रे काढून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

रिपोर्ट वाचून बायको घाबरली. मीही. मल्टिलेव्हल डिस्क डेसिकेशन, एल-फोर एल-फाइव्हला डिफ्यूज बल्ज, थीकल सॅकवर इंडेंटेशन, फोरामिनल नॅरोइंग. बहिणीने एकेक सोडवून दिलं. डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी कमी होणं. एमआरआयच्या टी-टू चित्रात पाणी पांढरं दिसतं, म्हणून तरुण गादी उजळ आणि वापरलेली काळपट. बल्ज म्हणजे गादी घेराच्या बऱ्याच भागात कडेबाहेर आलेली. एकाच ठिकाणी आली तर प्रोट्रूजन, आतला गर फुटून बाहेर आला तर एक्स्ट्रूजन, त्याचा तुकडा सुटला तर सिक्वेस्ट्रेशन. गंमत अशी की ऐकायला सगळ्यात भयंकर असलेले हे शेवटचे दोन प्रकारच पुष्कळदा आपोआप आक्रसतात; शरीर तो गर शोषून घेतं. थीकल सॅक ही नसांची पिशवी. मज्जारज्जू तर वर, एल-वन एल-टू म्हणजे कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपासच संपतो, त्यामुळे एल-फोरला तो दबण्याचा प्रश्नच नसतो. फोरामेन म्हणजे नस बाहेर पडते ते छिद्र. माझ्या पोटरीच्या कळेशी जुळणारी नोंद एवढी ही एकच होती.

मग तिने जे सांगितलं ते मी आता भेटेल त्याला सांगतो. कंबर अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या स्कॅनचा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्यांपैकी 37 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, पन्नाशीत हे प्रमाण 80 टक्के. बल्ज विशीत 30 टक्क्यांना, पन्नाशीत 60 टक्क्यांना. म्हणजे माझ्या वयाला गादी कोरी करकरीत निघाली असती तर मीच अल्पसंख्य ठरलो असतो. रिपोर्टच्या तळाशी “कोरिलेट क्लिनिकली” असं असतं, ते मी आजवर सही-शिक्क्यासारखं ओलांडून जात होतो. त्याचा अर्थ असा, की चित्र आम्ही वाचलं, आता माणूस तपासून दोन्ही जुळतात का ते बघा.

आमच्या डॉक्टरांनी पाय उचलून बघितला, अंगठ्याची ताकद बघितली, आणि शस्त्रक्रियेचं नाव न काढता फिजिओथेरपी दिली. काही महिन्यांत कळ गेली. दुसरा एमआरआय काढला नाही. बल्ज बहुधा आहे तिथेच असेल.

कायरोप्रॅक्टिकला मी मोडीत काढत नाही. साध्या कंबरदुखीवर मणक्यांची हाताने हालचाल करण्याचा पर्याय अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 च्या मार्गदर्शनात शेक, मालिश, व्यायामाच्या रांगेत ठेवला आहे. त्याच वर्षी अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच सांगितलं, की धोक्याची लक्षणं नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एक्स-रे-एमआरआय काढू नका. माझा आक्षेप आहे तो फोटो दाखवून घाबरवण्याला आणि त्या भीतीवर पॅकेज विकण्याला.

मानेचं मात्र वेगळं. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित, पण आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये याबद्दल सावध केलं. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची वेगळी वैधानिक परिषद नाही, आणि मोबाइलवर मानेत पट्टा अडकवून ओढणाऱ्यांच्या रील्सना तोटा नाही. अशा ठिकाणी जाण्याआधी उपचार करणाऱ्याने ही विद्या कुठे आणि किती वर्षं शिकली, हे तोंडावर विचारा. स्कॅन सांगितला तर “याने उपचारात काय बदलेल?” हेही विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेनासं झालं, तर मालिशवाला नको, कायरोप्रॅक्टरही नको. मध्यरात्र असली तरी सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा.