रामपुर खुर्दची निरंक यादी

२००४ साली मी उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्यात कार्यरत होतो. वृद्धापकाळ पेन्शनच्या याद्या तेव्हा नुकत्याच संगणकावर आल्या होत्या. केंद्राची मदत माणशी दरमहा ७५ रुपये. आमच्याकडे ती तिमाहीला एकदम वाटली जाई. एका तिमाहीत काही गावांच्या याद्या 'निरंक' आल्या आणि मी त्यांवर निमूटपणे स्वाक्षरी केली. पुढे जनसुनवाईत एक वृद्धा विचारू लागली, "साहब, हमारा नाम कट गया क्या?"

निरंक गावे काढून पाहिली. रामपुर खुर्द, रामपुर बुजुर्ग (नावे बदलली आहेत), सारी जोडनावांची. आपल्याकडचे 'बुद्रुक' हे या बुजुर्गाचेच मराठी रूप. जोडनाव अवतरणचिन्हांत लिहावे लागते, हे मला ठाऊक होते. म्हणून संगणकचालकास कारणे दाखवा नोटीस दिली. त्याने काही न बोलता दिलेल्या आदेशांची नोंद माझ्यापुढे ठेवली. अवतरणचिन्हे जागच्या जागी होती.

दोष मधल्या स्क्रिप्टचा होता. चालक मूळ प्रोग्राम थेट चालवीत नसे. चार ओळींची एक शेल स्क्रिप्ट गाव आणि तिमाही घेऊन ती प्रोग्रामकडे पाठवी, आणि पाठविताना $* असे उघडेच लिहिलेले होते. चालकाची अवतरणचिन्हे शेलने पहिल्याच टप्प्यावर उतरवून ठेवलेली असतात. उघड्या $* मध्ये मोकळी जागा दिसली की नावाचे पुन्हा तुकडे पडतात. प्रोग्रामला गाव 'रामपुर' आणि तिमाही 'खुर्द' असे कळले. अशी तिमाही कोठून असणार! त्याने तक्रार न करता कोरी यादी छापली. "$*" असे लिहिले असते तर गाव आणि तिमाही मिळून एकच लांब शब्द झाला असता, तोही निरुपयोगी. "$@" लिहिले म्हणजे मात्र प्रत्येक घटक आला तसा पुढे जातो. ही सोय १९७९ च्या बॉर्न शेलपासून आहे. 'योग्य मार्गाने' आलेला अर्ज मधल्या कार्यालयाने फाडून, तुकडे वेगळे करून वर धाडू नये, इतकीच ही गोष्ट. आणि आपल्या खात्यांत तीही सहज घडत नाही.

त्या स्क्रिप्टची चाचणी मीच घेतली होती, एका शब्दाच्या नावाच्या गावावर.

नोटीस मागे घेतली. थकबाकी पुढल्या तिमाहीच्या वाटपात गेली; त्या वृद्धेला आणखी तीन महिने थांबावे लागले.